काच काढलीच नव्हती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात नेत होते. पौड रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "अगं, माझे मोजे भिजलेत." डावीकडची मॅट उचलली तर खालचं कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. आमची हॅचबॅक 2017ची, आजवर आत एक थेंब आला नव्हता. घरी आल्यावर कार्पेटवर जुने पेपर दाबले, ते मातकट होऊन वर आले. हा रंग काय सांगत होता हे मला तेव्हा कळलं नाही.

कोथरूडमधल्याच एका गॅरेजला गाडी दाखवली. मालकाने दार उघडून दोन मिनिटं बॅटरी मारून पाहिलं. "मॅडम, पुढच्या काचेचं सीलिंग गेलंय. काच काढून परत बसवावी लागेल. पाणी ब्लोअरमध्ये उतरलंय, मोटरही बदलायला लागणार." ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत फेकणारा पंखा, खरंच घरघरत होता, म्हणून मला पटलं. तरी मी घुटमळतेय म्हटल्यावर तो बाबांकडे बघून म्हणाला, "काकांना दम्याचा त्रास आहे म्हणालात ना? ही बुरशीची हवा सरळ छातीत जाते." मी तिथेच होकार दिला. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण बाबांच्या आजाराचा असा वापर केला याचा संताप अजून उतरलेला नाही.

काच काढून सीलिंग 6,500, ब्लोअर मोटर 4,800, कार्पेट धुणं आणि गंजरोधक कोटिंग 3,200. एकूण 14,500 रुपये, तेही वहीच्या फाडलेल्या पानावर. पक्कं बिल मागितलं तर "वर जीएसटी लागेल" म्हणाला. मी गप्प बसले. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे जुनी मोटर परत मागितली नाही.

आठ दिवसांनी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी पुन्हा तेच तळं. आता मालकाचं म्हणणं बदललं: खालचा पत्रा गंजलाय, वायरिंगला धोका आहे, आणखी अकरा हजार लागतील. मोटरची खरी किंमत तरी कळावी म्हणून मी नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानात चौकशीला गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "जुनी मोटर तुम्हाला दाखवली का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी धायरीकडच्या एका वयस्कर मेकॅनिकचा पत्ता दिला.

या काकांनी गाडीला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. पाऊस नसताना एसी लावून लांब गेलात तर ओलं होतं का? नाही. पाण्याला रंग, गोडसर वास, चिकटपणा? नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पातळी उतरते का? नाही. "मग कूलंट वाहणारी हीटरची कॉइल गळत नाही, एसीचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेन पाइपही तुंबलेला नाही. एसीचं पाणी स्वच्छ असतं ताई, तुमचं मातीचं आहे. हे बाहेरून येतंय."

त्यांनी डावीकडचं कार्पेट दुमडलं, खालचा पत्रा पुसून कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मला हातात बॅटरी देऊन आत बसवलं. मग बाहेरून साध्या पाइपने, जोर न लावता, खालून वर एकेका जागी पाणी सोडत गेले. दाराचा खालचा भाग, पाच-सात मिनिटं. काही नाही. दाराचं रबर, काही नाही. मग वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीवर पाइप धरला. तिसऱ्या मिनिटाला डॅशबोर्डखाली ब्लोअरच्या डब्यातून टप्प करून थेंब पडला, मागोमाग धार लागली, आणि पावडरीत ओलसर वाट उमटत गेली.

काका मला बाहेर बोलावून म्हणाले, "इथे ओतलेलं पाणी पुढच्या चाकामागून जमिनीवर पडायला पाहिजे. बघा, खाली जमीन कोरडी आहे." त्यांनी वायपर काढले, जाळी उचलली. आत गुलमोहराच्या बारीक पानांचा आणि कुजलेल्या पाकळ्यांचा काळा लगदा, ओंजळभर नाही, चांगलं अर्धं घमेलं. आमच्या पार्किंगवर मोठा गुलमोहर आहे. पाणी वाहून जायची भोकं बुजली होती, त्यामुळे पाणी वर चढून ब्लोअरच्या हवा घ्यायच्या तोंडातून आत पडत होतं.

आणि इथेच सगळं उघड झालं. आमच्या गाडीची काच काढायची तर आधी वायपर आणि ही जाळी काढावीच लागते. वायपरच्या नटांवर जुना गंज जसाच्या तसा होता, पान्याचा एक ओरखडा नव्हता. आणि जाळी कुणी उचलली असती तर तो लगदा दिसलाच असता. काचेच्या कडेला नुसतं सिलिकॉन फासलं होतं, तेसुद्धा धूळ न पुसता. नखाने सोलल्यावर पट्टीबरोबर गुलमोहराचं एक पान अख्खं निघून आलं. मग काकांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवून मोटर काढून दाखवली. तिच्या लेबलवर 2017 छापलेलं होतं. भिजल्यामुळे घरघरत होती, वाळवून बसवल्यावर सुरळीत चालायला लागली.

काकांनी चारशे रुपये घेतले. कार्पेटखालचा फोम मात्र आतून भिजलेला राहतो, तो बाहेर काढून पंख्याखाली तीन दिवस वाळवावा लागला. तो तसाच ठेवला तर गळती थांबूनही कुबट वास जात नाही.

मालकाला फोटो दाखवले तेव्हा तो म्हणाला, "पोराने काम केलं, मला माहीत नाही." पैसे परत द्यायला तयार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच ठरते. वहीचं ते पान, मोटरच्या लेबलचा फोटो आणि मालकाचा गुगल पे क्रमांक दिसणारी पावती मी जपून ठेवली आहे. म्हणून कळकळीने सांगते, काच काढायला सांगितली तर समोर उभं राहा, निदान वायपर उतरवल्याचा फोटो मागा. बदललेला भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि त्याआधी घरीच वायपरखाली दोन तांबे पाणी ओतून ते खाली कुठे पडतं ते बघा.

परवा पार्किंगमध्ये शेजारच्यांच्या गाडीची फूटमॅट बोनेटवर वाळत घातलेली दिसली. त्यांची गाडीही त्याच गुलमोहराखाली असते. मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांची बेल वाजवली.