हरलेल्या बोलीनंतर आलेला फोन

सरकारी आणि दिवाळखोरीच्या लिलावांत माल स्वस्तात मिळतो, हे खरं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा सगळा प्रकारच बोगस असतो. अशाच एका लिलावात घेतलेला कॉम्प्रेसर माझ्या वर्कशॉपमध्ये आजही रोज चालतो. मी फसलो ते लिलाव संपल्यानंतर, आणि ज्या रीतीने फसलो ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

मला लेथ मशीन, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला आकार देणारं यंत्र, हवं होतं. नवं घेण्याची ऐपत नव्हती. कंपनी दिवाळखोरीत निघाली की तिची मालमत्ता विकून देणी भागवायला लिक्विडेटर नेमला जातो. तोवर जागेचं भाडं चालूच असतं, पहारेकऱ्याचा पगार चालू असतो आणि डोक्यावर मुदत असते. चांगल्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं त्याला जमत नाही, आणि किंमत खाली येते ती इथे. त्यातही गाड्या, लॅपटॉप, दागिने यांच्या मागे व्यापारी आधीच टपलेले असतात. खरा फायदा होतो तो अवजड, हलवायला कटकटीच्या वस्तूंत, कारण त्यांना बोली लावणारेच थोडे असतात. लेथ मशीन नेमकं असंच.

शोधाशोध करताना एका एजंटची जाहिरात दिसली. ‘बाहेर कुणालाच माहीत नसलेल्या लिलावांची यादी’ असं त्यात लिहिलं होतं. मी पैसे भरून यादी घेतली. नंतर कळलं की तिच्यातली एकूण एक नोंद सरकारी खात्यांच्या आणि लिक्विडेटरांच्या जाहीर सूचनांमधून उचललेली होती. त्या सूचना कुणालाही फुकट वाचता येतात. लिलाव गुप्त ठेवून विकणाऱ्याचा काय फायदा? जितके जास्त लोक, तितकी बोली चढणार. एवढा साधा विचार मी तेव्हा केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

यादीसोबत ‘नोंदणी सेवा’ होती. फॉर्म तो भरणार, कागदपत्रं तो अपलोड करणार. मी ओळखपत्राची प्रत दिली आणि बोली लावण्यासाठी लागणारी अनामत रक्कम भरली. बोलीदार क्रमांक त्याच्याच ईमेलवर आला. बोलता बोलता त्याने विचारलं, “जास्तीत जास्त कुठपर्यंत जाणार तुम्ही?” मी आकडा सांगून टाकला.

मालाच्या पाहणीच्या दिवशी मी स्वतः गेलो. बंद कारखाना, दिवे नाहीत, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. मशीनवर लॉट नंबरचं, म्हणजे लिलावातल्या त्या वस्तूच्या क्रमांकाचं, पिवळं स्टिकर. जुन्या लेथचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, चकच्या (तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) बाजूला जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. मी तेलाचा थर पुसून बेडवरून नख फिरवलं. कड लागली, पण अगदी बारीक. कॅरेज, म्हणजे बेडवर सरकणारा हत्याराचा भाग, हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहिला, कुठे अडकला नाही. हेडस्टॉकचं झाकण उघडून गिअरचे दात बघितले. नेमप्लेटवरचा अनुक्रमांक वहीत लिहून घेतला. मशीन उत्तम होतं. ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर माल घेताना नंतर तक्रारीला जागा नसते, त्यामुळे पाहणीत कसूर करायची नाही, हे मी कॉम्प्रेसरच्या वेळीच शिकलो होतो.

हिशेबही नीट केला होता. बोलीचा आकडा ही पूर्ण किंमत नसतेच. तिच्यावर लिलाव करणाऱ्या संस्थेचं कमिशन, त्यावर कर, मग बोल्ट कापून मशीन उचलणं, क्रेन, ट्रक. ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही तर दर दिवसाचं साठवणभाडं. हे सगळं धरून मी माझी कमाल मर्यादा काढली आणि बोली तिथे पोचल्यावर थांबलो. दुसऱ्याने वर बोली लावली. मी हरलो.

हरल्याचं वाईट वाटलं हे खोटं कशाला बोलू? पण मनाची समजूत घातली. 1971 साली एका तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल एक निबंध लिहिला होता. त्याचं सार असं की वस्तूची नेमकी किंमत कुणालाच माहीत नसते, प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो, आणि जिंकतो तो बहुधा सगळ्यांत जास्त अंदाज बांधणारा, म्हणजे बऱ्याचदा जास्त पैसे देऊन बसणारा. मर्यादेवर थांबलो ते बरोबरच केलं, असं मी स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “लिक्विडेटरच्या कार्यालयातून बोलतोय. पहिल्या बोलीवाल्याने पैसे भरले नाहीत. दुसरी बोली तुमची होती. तुमच्याच दराने मशीन द्यायला साहेब तयार आहेत, पण आज संध्याकाळपर्यंत 25 टक्के भरावे लागतील.” त्याला माझं नाव माहीत होतं, बोलीदार क्रमांक, लॉट नंबर, शेवटच्या बोलीचा आकडा, सगळं माहीत होतं. संशय यायला जागाच उरली नाही. जी माहिती मी एजंटला दिली होती तीच मला परत ऐकवली जात होती, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

ईमेलवर पत्र आलं. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. माझी अनामत रक्कम ‘किमतीत वळती केली आहे’ असंही त्यात होतं. संध्याकाळी 25 टक्के भरले. उरलेले 75 टक्के दोन दिवसांत भरले, त्यातले निम्मे भावाकडून उसने घेऊन. खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाले, “ते आमचे वसुली अधिकारी.” मग गेट पास आला.

त्याच आठवड्यात सकाळी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला होता: अनामत रक्कम परत जमा. हा मेसेज मी वाचला, आणि तरीही थांबलो नाही. माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी. हरलेल्याची अनामत परत येते, ज्याला माल द्यायचा त्याची अडकून राहते. खऱ्या लिलाववाल्यांनी मला हरलेला धरून माझे पैसे परत केले होते, आणि पत्रात मात्र तेच पैसे किमतीत वळते झाले होते. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं. मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, “सिस्टिम आपोआप पाठवते, नंतर ॲडजस्ट होईल.” मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

ठरलेल्या दिवशी ट्रक आणि क्रेन घेऊन गेटवर पोचलो. पहारेकऱ्याने गेट पास हातात घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाला, “हे मशीन तर परवाच गेलं.” माझा विश्वास बसेना. तो बिचारा मला आत घेऊन गेला. तेलाने काळ्या पडलेल्या फरशीवर जिथे मशीनचे पाय टेकलेले होते तिथले चौकोन तेवढे स्वच्छ दिसत होते. बाजूला कापलेल्या बोल्टचे तुकडे पडले होते. जिंकलेल्या माणसाने पूर्ण पैसे भरून, रीतसर सही करून माल नेला होता.

क्रेनवाल्याला फेरीचे पैसे द्यावेच लागले.

खऱ्या लिक्विडेटरच्या कार्यालयात गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं की लिलावाच्या अटींच्या कागदातच लिहिलेलं आहे: जिंकणाऱ्याने पैसे बुडवले तर त्याची अनामत जप्त आणि फेरलिलाव. दुसऱ्या बोलीला विचारण्याची तरतूदच त्या लिलावात नव्हती. काही लिलावांत ती असते, पण तसं अटींत आधीच छापलेलं असतं आणि पैसे जाहीर केलेल्या खात्यातच घेतात. तो कागद माझ्याकडे होता. मी त्यातली पाहणीची वेळ आणि कमिशनचा दर एवढंच वाचलं होतं. जाहीर सूचनेत कार्यालयाचा फोन नंबरही होता. तिथे एक फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. मी मात्र जो नंबर माझ्याकडे आला त्याच नंबरवर खात्री करून घेत राहिलो.

इतिहासातला एक गाजलेला लिलाव रोममध्ये इसवी सन 193 मध्ये झाला. सम्राटाला मारून त्याच्याच अंगरक्षकांनी सम्राटपद बोलीवर काढलं आणि डिडियस ज्युलियानसने ते घेतलं. विकणाऱ्यांना ते विकायचा अधिकारच नव्हता. जेमतेम दोन महिन्यांत त्याचं पद गेलं, जीवही गेला. वर्कशॉपमध्ये रिकाम्या जागेकडे बघताना मला तो आठवतो. मशीनची मी नखाने तपासणी केली, पण विकणारा कोण आहे, त्याला विकायचा अधिकार कुणी दिला, हे तपासलं नाही.

बँकेत आणि पोलिसांत त्याच दिवशी तक्रार दिली. खात्यातले पैसे भरल्यानंतर काही तासांतच दुसरीकडे वळवलेले होते. पहिल्या 25 टक्क्यांनंतर शंका घेऊन बँकेला कळवलं असतं तर निदान उरलेले 75 टक्के वाचले असते. एजंटचा नंबर बंद आहे.

तीन आठवड्यांनी एका अनोळखी बाईंचा फोन आला. अत्यंत सहानुभूतीने बोलत होत्या. त्यांची संस्था म्हणे लिलावात फसलेल्यांचे पैसे परत मिळवून देते, फक्त आधी थोडी फी भरावी लागेल. मी विचारलं, माझी केस तुम्हाला कशी कळली? त्यांनी उत्तर दिलं नाही, पण लॉट नंबर बरोबर सांगितला. तो नंबर मी एजंट आणि तक्रार घेणारे यांच्याखेरीज कुणाला सांगितला नव्हता. मी फोन ठेवला आणि तो क्रमांकही तक्रारीला जोडून आलो.