एंटरप्राइजला मेनसेल: वापरलेलं, परक्या होडीचं, की नवं?

एंटरप्राइज ही छोटी शिडाची होडी. जुनी विकत घेतली की होडी धड असते, पण मेनसेल, म्हणजे डोलकाठीला लागणारं मुख्य शीड, बहुधा गेलेलं असतं. जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेल्या या ४.०४ मीटरच्या होडीसाठी तीन वाटा आहेत: दुसऱ्या एंटरप्राइजचं वापरलेलं शीड, वेगळ्याच होडीचं शीड कापून बसवणं, किंवा नवं. शिकायला आणि फिरायला पहिली वाट घ्या, शर्यतीला तिसरी. दुसरीच्या नादी लागू नका.

मी लागले होते. शीड वीतभर लांब होतं, खालून कापलं की झालं, असं वाटलं. पण शिडाचं पोट कापडाच्या पट्ट्या गोलाईत जोडून आलेलं असतं आणि पुढची कड एका ठरावीक डोलकाठीच्या वाकण्याला धरून बेतलेली असते. खालून कापल्यावर बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, टोकापासून डोलकाठीपर्यंत एक सुरकुती पडली, ती काही केल्या जाईना, आणि होडी वाऱ्याकडे चढेना. त्यातच पुढच्या कडेत शिवलेला दोर डोलकाठीच्या ज्या खाचेत सरकतो तिच्यापेक्षा जाड निघाला, तो उसवून दुसरा घालावा लागला. शिलाई धरून हिशेब केला तेव्हा त्या पैशांत एंटरप्राइजचंच चांगलं वापरलेलं शीड आलं असतं.

त्याच वर्गाच्या, म्हणजे दुसऱ्या एंटरप्राइजच्या, शिडाची मापं नियमांनी बांधलेली असतात. तरीही कडेचा दोर आपल्या डोलकाठीच्या खाचेत सरकतो का, हे पैसे देण्याआधी बघाच. मग प्रश्न उरतो तो आयुष्याचा. शिवणीवर नख घासा. धागा तुटला तर तो उन्हाने खाल्लाय. पण धागा कापडाआधी जातो आणि परत शिवता येतो. कापड मुठीत चुरगळा. चांगलं डेक्रॉन (शिडाचं पॉलिएस्टर कापड) कडक असतं, करकरतं. जुन्या लुगड्यासारखं मऊ लागलं तर सोडून द्या, त्याला उपाय नाही. पावसाळ्यात ओलं घडी केल्याने पडलेले बुरशीचे काळे डाग दिसायला वाईट, पण त्यांनी डेक्रॉन कमजोर होत नाही. भाव पाडायला ते उपयोगी.

शक्य असेल तर मंद वाऱ्यात चढवून खालून वर बघा. सगळ्यात खोल पोट मध्याच्या जरा पुढे हवं. ते मागच्या कडेकडे सरकलं असेल तर होडी कलते जास्त आणि पळते कमी. पुढच्या कडेला बारीक चुण्या दिसल्या तर घाबरू नका: दोर आखडलेला असतो, टोकं उसवून सैल करून पुन्हा शिवली की कड सरळ होते.

नवं शीड महाग, पण शर्यतीत त्याला तोड नाही. फक्त पहिल्या हंगामात घेऊ नका. शिकताना शीड तासन् तास फडफडत राहतं आणि त्या फडफडीने कोरं कापडही लवकर मऊ पडतं.

वापरलेलं घेतलंत तर शिडावरचा आकडा बदलून आपल्या होडीचा लावा. चिकटवलेले आकडे केस वाळवायच्या ड्रायरची हलकी ऊब देऊन सावकाश सोडवले की कापडाला ओढ बसत नाही.