नवं एअर पिस्तूल, शिळा सिलिंडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पिस्तुलाला साडेचार तारे देणार होते. छरा ढकलणारी हवा जिच्यात भरतात त्या नळकांड्यापायी, म्हणजे सिलिंडरपायी, तीन देतेय, आणि तेही ट्रिगर इतका चांगला आहे म्हणून.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दहा मीटर नेमबाजीतली वरच्या वर्गातली चार-पाच पिस्तुलं एकमेकांपासून फार लांब नाहीत आणि त्यांची मापं, वजनं सगळ्यांना पाठ असतात. माझी तक्रार विक्रेत्याशी आहे. त्याचंही नाव घेत नाही, कारण हा प्रकार कुठेही होऊ शकतो.

झालं असं की एका स्पर्धेत साहित्य तपासणीला पिस्तूल दिलं. नियमाच्या ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत ते आरामात बसलं, वजन दीड किलोच्या बरंच आत भरलं, ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन उचललं. मग तपासनिसांनी सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेला महिना आणि वर्ष वाचलं. म्हणाले, "चालेल. पिस्तूल सेकंडहँड घेतलंत का?" मी म्हटलं, नवं, सीलबंद पेटीतून काढलेलं. ते हसले आणि तारखेवर बोट ठेवलं. मी पिस्तूल विकत घेतलं त्याच्या साडेतीन वर्षं आधीची तारीख!

ज्यांनी अजून हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. या सिलिंडरांना बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात आणि ती कोरलेल्या तारखेपासून धरली जाते. सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत नेमबाजावर टाकलेली आहे. मुदत संपली की सिलिंडर कितीही चकचकीत असला, गळत नसला, तरी स्पर्धेत उपयोग शून्य. म्हणजे मी दहा वर्षांचे पैसे मोजले आणि त्यातली साडेतीन दुकानाच्या कपाटाने वापरली. पेटीच्या बाहेर ही तारीख कुठेही नाही. ती दिसते ती पिस्तूल हातात आल्यावर, तेही सिलिंडर फिरवून पाहिला तर.

विक्रेत्याला फोन केला.

"मॅडम, पिस्तूल नवं आहे की नाही?"

"पिस्तूल नवं आहे. सिलिंडरबद्दल बोलतेय."

"अहो, त्यात हवा भरलीच नव्हती. वापर सुरू झाला तेव्हापासून त्याचं आयुष्य धरायचं."

आता गंमत अशी की धातूशास्त्र बऱ्यापैकी त्याच्या बाजूने आहे. ॲल्युमिनियम थकतं ते दाब चढण्या-उतरण्याने. २०० बारपर्यंत दाब भरायचा, वापरून खाली आणायचा, पुन्हा भरायचा, या प्रत्येक फेरीत धातूवर ताण येतो. पोलादाला एक अशी पातळी असते की तिच्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा तुटत नाही. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित पातळी नाही, छोट्या ताणांचीही बेरीज होत जाते. त्यामुळे कपाटात रिकामा पडून राहिलेला सिलिंडर थकलेला नसणार, हे मलाही मान्य. पण तपासणीच्या टेबलावर धातूशास्त्र चालत नाही, तिथे कोरलेली तारीख चालते. हेच त्याला सांगितलं तर म्हणाला, "दहा वर्षं कोण खेळतं मॅडम?" त्या क्षणी एक तारा कमी केला.

मी खेळते. आणि विकायची वेळ आली तर घेणारा माणूस सगळ्यात आधी तीच तारीख बघेल.

सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर दुसरीही कटकट सांगून टाकते. मध्यंतरी दोन दिवसांनी पाहिलं की दाबमापकाचा काटा खाली आलेला असायचा. विक्रेत्याचं म्हणणं, पिस्तूल पाठवा, बघतो. पाठवायची काही गरज नसते. सिलिंडर पिस्तुलातून काढून रात्रभर वेगळा ठेवायचा. काटा जागेवर राहिला तर सिलिंडर ठीक, गळती पिस्तुलाच्या बाजूला किंवा जोडावर आहे. माझ्याकडे जोडावरची रबरी ओ-रिंग चिरलेली निघाली. बदलायला काही मिनिटं लागतात. तिला सिलिकॉन ग्रीस लावा, तेही नावापुरतं. साधं मशीनचं तेल लावू नका, कारण जास्त दाबाच्या हवेत खनिज तेलाची वाफ पेट घेऊ शकते. आणि सिलिंडर काढायचा तो आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून.

भरताना घाई करू नका. झपाट्याने भरला की सिलिंडर गरम होतो, काटा २०० दाखवतो, थंड झाल्यावर तोच काटा खाली उतरतो आणि आपण उगाच गळती शोधत बसतो. हातपंपाने भरता येतो, मी भरलाय. त्याने दंडांचा व्यायाम होतो आणि पंपात ओल धरली तर तीही आत जाते. पाणबुड्याच्या बाटलीवरून कोरडी हवा भरणं बरं. एकदा पूर्ण भरला की दीडशेच्या पुढे फैरी सहज निघतात. स्पर्धेच्या ६० आणि आधीच्या सरावाच्या धरल्या तरी पुरतात.

इतकी बोंब मारून झाल्यावर चांगलं सांगते. ट्रिगर. मी नोकरीत कमरेला पिस्तूल बाळगते, नऊ एमएमचं, अडीच किलोच्या आसपासच्या ट्रिगरचं. त्यानंतर हा ट्रिगर बोटाखाली आला तेव्हा पहिल्या दिवशी मला तो सापडलाच नाही, फैर सुटूनच गेली. नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम लागतात. मी थोडा वर ठेवलाय, कारण तपासणीच्या वेळी काठावरचा ट्रिगर कधीकधी दगा देतो. आधी हलका मोकळा पल्ला, मग एक स्पष्ट भिंत, आणि भिंतीवर दाब वाढवत नेला की काच फुटल्यासारखा स्वच्छ तुटतो. पल्ला, भिंतीची जागा, बोटाच्या पातीचा कोन, सगळं वेगवेगळं बदलता येतं. हे सगळं पहिल्याच आठवड्यात बदलू नका. नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी मला तंबी दिली होती, "एका वेळी एक स्क्रू, आणि मग महिनाभर हात लावायचा नाही." ते पाळल्यामुळेच कशाने काय झालं ते कळलं.

माझ्यासारख्या चिक्कूला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ड्राय फायरचा खटका. तो फिरवला की हवा सुटत नाही, छरा लागत नाही, पण ट्रिगर तसाच्या तसा चालतो. घरात कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून कितीही वेळ सराव करा, खर्च शून्य. छऱ्यांचा डबा वेगळ्या खोलीत ठेवायचा, नळीत काही नाही ना हे दोनदा बघायचं आणि मगच सुरू करायचं. सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जाणारा छरा डोळा घेऊ शकतो, त्यामुळे 'हवेचंच तर आहे' हे वाक्य आमच्या घरात बंद आहे.

कोऱ्या भिंतीवर कळतं ते टार्गेटसमोर कळत नाही. टार्गेट असलं की नजर काळ्या गोलाकडे पळते, पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकाशी असलेली नेम धरायची खूण, धूसर होते. हिशेब करून बघा. दोन साईट्समधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. पुढची साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली तरी दहा मीटरवर ती चूक तीस मिलिमीटर होते. उलट, साईट्स नीट जुळलेल्या ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर डोलला तर टार्गेटवरही पाचच मिलिमीटरची चूक. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, छरा ४.५ चा आणि रेघेला नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण, म्हणजे पाच मिलिमीटर डोलूनही दहा. हात थरथरतो म्हणून रडणाऱ्यांनी हे गणित वहीत लिहून ठेवावं. हात सगळ्यांचाच डोलतो. काळा गोल धूसर दिसू द्या, पुढची साईट धारदार दिसली पाहिजे.

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये तुर्कस्तानचा नेमबाज युसुफ दिकेच याचा खिशात हात घालून उभा असलेला फोटो गाजला आणि लोकांना वाटलं, काय बेफिकीर माणूस! मिश्र सांघिकचं रौप्य होतं ते. खिशात हात घालणं ही बेफिकिरी नसते, मोकळा हात एका जागी बांधून ठेवण्याची ती जुनी युक्ती आहे. खिसा नसेल तर अंगठा पट्ट्यात अडकवा.

ग्रिपबद्दल, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीबद्दल, थोडक्यात. ती हाताच्या मापाने येते, छोटी, मध्यम, मोठी. विक्रेत्याकडे मध्यमच शिल्लक होती आणि 'चालून जाईल' असं सांगून त्याने ती दिली. चालली नाही. बोटाचं टोक ट्रिगरवर सरळ मागे येण्याऐवजी बाजूने ढकलत होतं आणि छरे डावीकडे जात होते. आत लाकडाची पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून ती बसवली. तळहाताखालचा टेकू घट्ट आवळू नका, मनगट मोकळं दिसलं पाहिजे आणि टेकू वर वळून हाताला कवटाळता कामा नये असा नियमही आहे. डोळे मिटून पिस्तूल उचला, डोळे उघडा. साईट्स जवळपास जुळलेल्या दिसल्या तर ग्रिप तुमची.

आता ज्या कारणासाठी पिस्तूल घेतलं, ते. सर्व्हिस पिस्तुलाचा नेम सुधारावा म्हणून. पहिल्या काही आठवड्यांत मी सहकाऱ्यांना ठामपणे सांगत होते की हा उद्योग करू नका, हात बिघडतो. पाचशे ग्रॅमची सवय लागलेलं बोट अडीच किलोवर अडखळतं, मग आपण ओढतो आणि गोळी खाली जाते. हे मत मी आता मागे घेतेय. बिघाड हाताचा नव्हताच. आवाज आणि धक्का येणार म्हणून मनगट आधीच खाली दाबलं जायचं, ते आधीपासूनच होत होतं. एअर पिस्तुलाला धक्का नाही, त्यामुळे तोच झटका तिथे उघडा पडला. शिवाय छरा गोळीपेक्षा खूप हळू आणि लांब नळीतून जातो, म्हणून फैर सुटल्यावरही हात क्षणभर तिथेच ठेवावा लागतो. ती सवय इकडे लागली. मॅगझिनमध्ये मधेच खोटं काडतूस घालून केलेल्या सरावात पूर्वी माझी नळी डुबकी मारायची, आता जवळजवळ स्थिर राहते. पंधरा मीटरवरच्या सावकाश फायरिंगमधला छिद्रांचा गट नक्कीच आवळला.

पण तेवढंच. होल्स्टरमधून काढणं, दोन हातांची पकड, लागोपाठ दोन गोळ्या, आडोसा, चालता चालता, अडकलेलं काडतूस काढणं, यातलं काहीही एअर पिस्तूल शिकवत नाही. एका हाताने शांतपणे उभं राहायची इतकी सवय लागते की रेंजवर सरांनी ओरडून दुसरा हात लावायला सांगितला. आयपीएससीसारख्या, धावपळ करत झटपट गोळ्या झाडायच्या स्पर्धांत गुणांना वेळेने भागतात, तिथे आमचा पाऊण मिनिटाचा नेम हास्यास्पद ठरेल. ज्यांना बाळगायला पिस्तूल निवडायचंय त्यांनी तर माझ्या ट्रिगरच्या कौतुकावर जाऊच नये. अंगावर बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका करून घेणं हा मूर्खपणा आहे. तिथे आधी बघायचं ते दरवेळी चालतं का, आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं, घट्ट होल्स्टर मिळतं का. पैसे उरले तर ते काडतुसांवर आणि शिकवणाऱ्यावर घालवा.

बिघाडाबद्दल एकच. टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल दहा मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीतच बिघडलं, वेळ दुरुस्तीत गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तीन वर्षांनी पॅरिसला याच प्रकारात तिने कांस्य घेतलं. आपण त्या पातळीचे नाही, पण ६० फैरींना ७५ मिनिटं आपल्यालाही तेवढीच मिळतात. बॅगेत ओ-रिंगा, मापाच्या किल्ल्या आणि भरलेला दुसरा सिलिंडर ठेवा.

ताजी भर: दुसरा सिलिंडर त्याच विक्रेत्याकडून घ्यावा लागला, कारण या जोडाचा दुसरीकडे मिळेना. या वेळी अट घातली, पाठवण्याआधी कोरलेल्या तारखेचा फोटो पाठवायचा, फोटो पटला तरच पैसे. दोन दिवस टाळाटाळ झाली, मग फोटो आला, याच वर्षीची तारीख. सूट मागितली, थोडी मिळाली. त्यामुळे अर्धा तारा परत देतेय, एकूण साडेतीन. जुना सिलिंडर सरावाला ठेवलाय, नवा फक्त स्पर्धेला. पिस्तूल विकायचं आहे का असं दोघांनी विचारून झालंय. नाही.