पाच बाटल्या, सहा जण आणि टेबलभर सीफूड: कोणती वाईन जमली, कोणती फसली

परवा आम्ही सहा जण जेवायला जमलो. ठरलं असं होतं की ज्याच्या घरी जेवण त्याने फक्त सीफूडचं बघायचं आणि बाकी पाच जणांनी एकेक बाटली आणायची, तीही एकमेकांना न विचारता, कारण विचारलं की सगळे एकच आणतात. टेबलावर होतं: बर्फावर मांडलेली कच्ची कालवं, तळलेल्या स्क्विड रिंग्ज, बटर-गार्लिक कोळंबी, झणझणीत चिली क्रॅब आणि शेवटी ग्रिल केलेला सामन. बाटल्या निघाल्या फसफसणारी कावा, मग तीन व्हाइट, म्युस्कादे, ओकमधली शार्डने आणि रीसलिंग, आणि एक दणदणीत रेड, कॅबर्ने सोव्हिन्यों. मी काही वाईनमधला जाणकार वगैरे नाही, पण खाताना चिकित्सा करायची खोड आहे, म्हणून हा रिव्ह्यू.

कावापासून सुरू करतो कारण तिने आल्या आल्या टेबलावर आंघोळ घातली. आणणाऱ्याने बाटली तासभर पिशवीतच ठेवलेली, कोमट झालेली, वर हलवत आणलेली, आणि या बाटल्यांत प्रेशर गाडीच्या टायरपेक्षा जास्त असतं, मग काय, बूच निघालं आणि पाव बाटली नॅपकिननी प्यायली. उरलेली बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकलेल्या बादलीत बुडवली (नुसता बर्फ नको, पाणी हवंच, त्यानेच काच सगळीकडून गार होते) आणि वीसेक मिनिटांत कामाची झाली. तळलेल्या स्क्विडबरोबर अप्रतिम. तेलकट घास, त्यावर बुडबुडे आणि आंबटपणा, की तोंड परत कोरं. शॅम्पेनसारखीच बाटलीतच फेस धरलेली स्पॅनिश वाईन आहे, तळणीसाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही असं माझं मत.

आता म्युस्कादे. हिच्याबद्दल मला भरभरून बोलायचंय. फ्रान्समध्ये ल्वार नदी समुद्राला मिळते त्या बाजूची वाईन, द्राक्षाचं नाव मेलों द बुर्गोन्य, अल्कोहोल साधारण 12 टक्के. नुसती प्यायली तर तुम्ही म्हणाल यात आहे काय, फिकट रंग, थोडं लिंबू, थोडं हिरवं सफरचंद, बस. पहिल्या घोटाला मी पण हेच म्हटलं. मग एक कालव उचललं, शिंपल्यातल्या खारट पाण्यासकट तोंडात सरकवलं, दोनदा चावलं आणि वर हिचा घोट घेतला. त्या खारटपणापुढे वाईन अचानक गोडसर, फळासारखी लागायला लागली आणि कालवाची चव मागे रेंगाळत राहिली, कुठेही वास मारला नाही. लेबलवर ‘सुर ली’ लिहिलेलं होतं, म्हणजे आंबवून झाल्यावर वाईन हिवाळाभर तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवरच ठेवतात, त्यामुळे पाण्यासारखी पातळ न लागता तिला जरासा भरीवपणा येतो. पाचपैकी पाच. एकच तक्रार, 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाचच ग्लास होतात आणि आम्ही सहा जण.

शार्डनेवर भांडण झालं. ओकच्या पिंपातली, व्हॅनिला, लोणी, सगळा थाट. कालवांबरोबर कडवट, लाकूड चघळल्यासारखी. मी तर ती बाजूलाच ठेवणार होतो, पण मग बटर-गार्लिक कोळंबी आली आणि बाईसाहेबांचा नूरच पालटला, लोण्याला लोणी भेटलं. म्हणजे बघा, ‘कोळंबीबरोबर कोणती वाईन’ हा प्रश्नच अर्धवट आहे, कोळंबी कशात केलीय ते आधी सांगा! आणि शार्डने म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी, फ्रान्सची शाब्ली सुद्धा शंभर टक्के शार्डनेच असते. फक्त थंड प्रदेशातली, त्यामुळे चांगली आंबट, आणि बहुतेकदा नव्या ओकचा वास नसलेली. तिथल्या मातीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कालवांचे जीवाश्म सापडतात म्हणून ती कालवांबरोबर जमते असं लोक रंगवून सांगतात, गोष्ट झकास आहे, पण जमवतो तो आंबटपणा.

रीसलिंग जर्मन, काबिनेट (म्हणजे त्यांच्या वर्गवारीतली हलकी पातळी), अल्कोहोल साडेआठ टक्के, किंचित गोड. गोड वाईन आणली म्हणून आणणारीला आम्ही चिडवत होतो. चिली क्रॅब आल्यावर चिडवणं बंद. तिखटावर जास्त अल्कोहोलची वाईन घेतली की जळजळ वाढते, इथे अल्कोहोल कमी आणि वर जरा गोडवा, त्यामुळे खेकड्याची मिरची सुसह्य झाली आणि खेकडा पण कळला. बोटं सॉसने माखलेली, ग्लासवर लाल ठसे, कोणाला पर्वा नाही. ही दुसऱ्या नंबरवर.

राहिली कॅबर्ने. मित्राला म्हणे दुकानात सांगितलं की ‘ही कशाबरोबरही चालते’. नाही चालत बाबा. कालवानंतर घोट घेतला आणि तोंडात जुनं नाणं चाटल्यासारखी चव, वर शिळ्या माशाचा वास, आणि कालवं तर एकदम ताजी होती. मी घरी येऊन शोधलं. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी स्कॅलप या शिंपल्याबरोबर वेगवेगळ्या वाईन्स तपासल्या तेव्हा दोषी निघालं वाईनमधलं लोह, ते जास्त असेल तर माशाचा वास उसळतो आणि लोह बांधून टाकलं की वास कमी होतो. म्हणजे लाल रंगाचा दोष नाही, कमी लोहाची रेड खपून जाते, पण लेबलवर लोह कोणी छापत नाही ना. शिवाय कॅबर्नेचे टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारे घटक, ते माशाबरोबर आणखीनच कोरडे, कडू लागतात. सामनबरोबर त्यातल्या त्यात बरी लागली, पण तिथे पिनो न्वार हवी होती, हलकी रेड, कमी टॅनिनची, जराशी गार केलेली. मी पुढच्या वेळी तीच नेणार.

अजून एक, व्हाइट फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका, 4 डिग्रीला वासच येत नाही, पंधरावीस मिनिटं बाहेर ठेवली की 8-10 ला येते आणि बोलायला लागते. आमची शार्डने सुरुवातीला त्यामुळेच मुकी होती असा एकाचा दावा आहे, मला पटलेला नाही.

कॅबर्ने अर्धी उरली, ती ज्याची त्याच्याच हातात दिली. म्युस्कादे मात्र कालवं संपायच्या आधीच संपली, शेवटची चार कालवं आम्ही नुसतं लिंबू पिळून खाल्ली आणि रिकामी बाटली दोनदा उलटी करून बघितली.