ठासणीच्या बंदुकीचा दस्ता: लाखेचं पॉलिश की जवसाचं तेल?

किटमधून जोडलेली माझी बंदूक ही शोभेची, न उडणारी प्रतिकृती. बार उडणारी हवी असेल तर ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीलाही 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. प्रश्न उरला दस्त्याचा, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाचा.

लाखेचं पॉलिश झटपट होतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या बोळ्याने हात मारायचे. स्पिरिट उडालं की थर कोरडा. झळाळी तर डोळ्यांत भरते! पण गिरगावात जुलैमध्ये हात मारला आणि दमट हवेने थर पांढुरका पडला. सगळं उतरवून पुन्हा घासावं लागलं.

जवसाचं तेल लाकडात मुरतं. बोटांनी चोळताना अक्रोडाच्या रेषा गडद होत वर येतात, ते बघत राहावंसं वाटतं. ओरखडा पडला तर तेवढ्यावरच थेंबभर तेल चोळायचं. कच्चं तेल मात्र वाळायला फार दिवस घेतं; ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते घ्या.

एक कळकळीची सूचना: तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर सुटी पसरून वाळवा, चाळीत तर नक्कीच.

माझी पसंती तेलालाच, आणि काम दिवाळीनंतर.