साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी लावलेला हिवाळी वर्ग, कोथरूड

सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारतायत म्हणून एकदाच नीट लिहिते. वर्ग एका ताईंच्या बंगल्यात भरतो, पुढे बऱ्यापैकी मोठं अंगण आहे, मुलं फक्त १४, दोन ताई आणि एक मावशी. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, साडेनऊ ते साडेअकरा. फी ३५०० घेतली, त्यात सगळं सामान आलं. जागा कमी असल्यामुळे ताईंनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे नाव देत नाही.

आधी मी हे का शोधत होते ते सांगते. गेल्या वर्षी ती ज्या नर्सरीत होती तिथे विंटर सीझन म्हणून कापसाचा स्नोमॅन चिकटवून घेतला होता, गाजराचं नाक, गळ्यात मफलर, आणि घरी आल्यावर विचारायला लागली की आई हा आपल्याकडे कधी येणार. मला फार वाईट वाटलं, कारण त्याच दिवशी सकाळी गॅलरीतल्या रेलिंगवर दव पडलं होतं आणि ती बोटाने त्यात रेघा ओढत बसली होती, पाणी कुठून आलं म्हणून मला चार वेळा विचारलं होतं, आणि त्या दवाबद्दल शाळेत कोणी एक शब्दही काढला नव्हता. पुण्यातल्या मुलाला पुण्याची थंडी दाखवा ना!

इथे पहिल्याच दिवशी ताईंनी गोठलेलं खोबरेल तेल पुढे ठेवलं. चमच्याने उकरून प्रत्येकाच्या तळहातावर थोडंथोडं, आणि हात चोळायला सांगितले. पांढरं घट्ट तेल बघता बघता पाण्यासारखं झालं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते (पहिल्या दिवशी पालकांना थांबू देतात). मग दोन स्टीलच्या वाट्यांमध्ये गोठलेलं तेल घेऊन एकीवर काळं फडकं आणि एकीवर पांढरं टाकून दोन्ही उन्हात ठेवल्या आणि आधी कुठलं वितळेल ते विचारलं. बहुतेकांनी पांढरं म्हटलं, का ते त्यांनाच माहीत. काळं फडकं टाकलेली वाटी आधी वितळली. पुढे संक्रांतीला काळे कपडे घातले तेव्हा लेकीने आजीला स्वतःहून सांगितलं, काळं घातलं की ऊन आत येतं म्हणून. साडेतीन वर्षांच्या पोरीला याहून जास्त काय समजायला हवं? तेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं, त्यामुळे हा प्रयोग घरीही सहज होतो, फ्रिज लागत नाही. आता रोज उठली की आधी तेलाची बाटली उलटी करून बघते.

मला सगळ्यात आवडला तो हरभऱ्याचा दिवस. ताईंच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून ओल्या हरभऱ्याचे डहाळे आणले होते, फवारणी नसलेले, मी मुद्दाम विचारून घेतलं कारण मुलं पानं चाटणार होती. हरभऱ्याच्या पानावर आंब असते ना, ती बोटाला लागली की आंबट लागते, सगळ्यांनी चाटून तोंडं वाकडी केली आणि परत चाटलं. मग घाटे सोलायला बसवलं. सोलायच्या आधी घाटा दाबून आत एक दाणा आहे की दोन ते सांगायचं, मग उघडून बघायचं. बोटांच्या चिमटीला एवढा चांगला व्यायाम कुठल्याच महागड्या खेळण्यात मिळत नाही, आणि मोजणी आपोआप होते. लेकीच्या हातातला एक घाटा उघडला तर आत काहीच नाही, ती ओरडली, "यात शून्य आहे!" शून्य हा शब्द ती याआधी फक्त अंकांच्या गाण्यात म्हणायची. दुसऱ्या एका मुलाला घाट्याला भोक दिसलं आणि आत हिरवी अळी निघाली. ताईंनी ती झटकून टाकली नाही, बरणीत ठेवली, सगळ्यांना दाखवली.

माझी आई बालवाडीत शिकवायची, एक दिवस तीच सोडायला गेली आणि येऊन म्हणाली की हे तर ताराबाईंचंच काम चाललंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत आणि नंतर कोसबाडला बालवाडीत महाग साधनांऐवजी शंखशिंपले, पानं, बिया, खडे वापरले, ते आई नेहमी सांगते.

भोगीच्या आधी भाज्या निवडणं झालं, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, बाजरीच्या भाकरीवर तीळ थापणं. तिळगुळाचे लाडू पाक न करता केले हे मला खूप पटलं, गरम पाकाजवळ एवढी लहान मुलं नकोच. भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, किसलेला मऊ गूळ आणि तूप, मळून वळले. ॲलर्जी आहे का ते फॉर्ममध्येच विचारलं होतं.

आता जे खटकलं ते. सकाळी नुसत्या फरशीवर पातळ सतरंजी टाकून बसवतात, डिसेंबरच्या शेवटी एवढी थंडी होती की लेकीचे पाय बर्फासारखे व्हायचे, दोन आठवड्यांनी जाड घोंगडी आली, ती पहिल्याच दिवशी हवी होती. आणि दुसरं म्हणजे शेवटच्या दिवशीचं सामूहिक बोरन्हाण. हलव्याचे दागिने, काळी झबली, सगळं गोड दिसत होतं पण डोक्यावरून ओतलं त्यात अख्खी बोरं, कडक गोळ्या आणि शेंगदाणे होते, आणि मुलं खाली पडलेलं उचलून सरळ तोंडात टाकतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात हे अडकू शकतं, मी जाऊन सांगितलं. ताईंनी वाद घातला नाही, लगेच सगळं गोळा केलं आणि पुढच्या मुलांना फक्त चुरमुरे, बत्तासे आणि फुलांच्या पाकळ्या ओतल्या. बोरं बी काढून, चिरून नंतर वाटीत दिली. एवढं ऐकून घेणारे लोक कमी असतात म्हणून माझा राग तिथेच गेला, पण तुम्ही घातलंत तर बोरन्हाणाच्या आधी हे जरूर विचारा.

पुढच्या डिसेंबरला परत घालणार आहे. पाठवताना मोजे दोन जोड द्या, एक भिजतोच, आणि कपडे जुने घाला, तेलाचे डाग अजून गेलेले नाहीत.