शूटिंगआधीच संपलेली फिल्म

आमच्या कंपनीची फिल्म शूट झालीच नाही. तरी ठरलेल्या रकमेतले ४० टक्के पैसे एका प्रॉडक्शन हाउसच्या खात्यात गेले आणि कागदोपत्री त्यांनी सगळं काम केलेलं आहे. स्क्रिप्ट आहे, स्टोरीबोर्ड म्हणजे दृश्यांची चित्रं आहेत, रेकीचा म्हणजे शूटच्या जागेच्या पाहणीचा अहवाल आहे, शूटिंगचं वेळापत्रकही आहे. या धंद्यातली फसवणूक म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर ढिसाळ एडिटिंग येतं, नाहीतर अॅडव्हान्स घेऊन गायब झालेला माणूस. आमचा माणूस गायब झालेला नाही. तो आजही फोन उचलतो, गोड बोलतो आणि करारातलं कलम वाचून दाखवतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही पंप बनवतो. एका औद्योगिक प्रदर्शनात स्टॉलवर लावायला तीन मिनिटांची फिल्म हवी होती. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी बजेटच्याही आधी प्रदर्शनाची तारीख विचारली. चांगला निर्मातासुद्धा हेच विचारतो, पण तो त्या तारखेवरून मागे मोजत येतो: अंतिम मंजुरी कधी, एडिट कधी, शूट कधी, त्याआधी रेकी, त्याआधी स्क्रिप्ट पक्की. यांनी असं काहीच मोजलं नाही. आम्हाला किती घाई आहे एवढं त्यांना कळून घ्यायचं होतं, आणि ते कळलं.

कोटेशनमध्ये रकमेचे तीन भाग होते. करारावर सही झाली की प्री-प्रॉडक्शनचे, म्हणजे शूटआधीच्या तयारीचे ४० टक्के, शूटच्या आधी ४० आणि फिल्म हातात आली की उरलेले २०. पहिला भाग परत न मिळणारा. आकडे दिसायला सरळ आहेत, पण माणसं, कॅमेरा, लाइट, गाड्या हा जड खर्च शूटच्या दिवशी पडतो. लेखक आणि दिग्दर्शक मन लावून काम करणारे असतील तर नियोजनालाही चांगले पैसे द्यावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मात्र एवढा मोठा, परत न मिळणारा हप्ता जर फक्त कागद तयार होण्याच्या टप्प्यावर ठेवलेला असेल, तर समोरच्याला शूटपर्यंत जायची गरजच उरत नाही. हे गणित मी तेव्हाच आमच्या अकाउंट्सला बोलून दाखवलं होतं. प्रदर्शन जवळ आलं होतं, त्यामुळे सही झाली.

स्क्रिप्ट झटपट आली. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज, अशी नेहमीची दोन रकान्यांची. मजकूर मात्र असा, की फॉर्ममधल्या रिकाम्या जागा भराव्यात तसं आमचं नाव जागोजागी बसवलेलं. ‘गुणवत्ता’, ‘विश्वास’, ‘नवनिर्मिती’, आणि पंप हा शब्द सबंध पानभर नाही. शब्द मोजले तर सातशेच्या आसपास. कॉर्पोरेट फिल्मचा संथ, स्पष्ट व्हॉइसओव्हर मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्दांनी जातो. म्हणजे तीन मिनिटांत अखंड बोललं तरी चारशेच्या आतच, आणि मशीनचा आवाज ऐकवायला, दृश्याला श्वास घ्यायला जागा ठेवली तर आणखी कमी. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचलं तेव्हा साडेपाच मिनिटं झाली. लिहिणाऱ्यानं ती एकदाही वाचून बघितलेली नव्हती, हे उघड होतं. मी विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, ते एडिटमध्ये बसवतो आपण.” फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षकाच्या जागी रंग बनवणाऱ्या कुठल्यातरी कंपनीचं नाव होतं. त्यावर म्हणे, टेम्प्लेट आहे. टेम्प्लेट वापरणं हा काही गुन्हा नाही, मीही वापरते. पण टेम्प्लेटमध्ये रकाने असतात, वाक्यं नसतात.

स्टोरीबोर्ड सुरेख होता. एका चौकटीत कामगार वितळलेला धातू साच्यात ओततो आहे, ठिणग्या उडताहेत. आमच्याकडे भट्टीच नाही. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही बाहेरून घेतो. आमच्याकडे मशीनिंग, जुळणी आणि टेस्टिंग होतं. काय हवं ते सांगणारं जे ब्रीफ आम्ही दिलं, त्याच्या पहिल्या परिच्छेदातच हे लिहिलेलं होतं.

खरं तर पुढची सगळी गोष्ट रेकीतच आहे. रेकीला एकच माणूस आला, हातात फोन. तोही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे सगळ्या मशीन बंद असताना. कारखान्यात शूट करायचं तर आधी ऐकायला लागतं. कॉम्प्रेसर मधूनच सुरू होतो, फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजतो; संचालकांची मुलाखत नेमकी त्या भिंतीपलीकडे ठेवली तर आवाज वाया. मग दिवे बघायचे. विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असते तिथे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या शटरचा वेग चुकीचा ठेवला तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. म्हणून तिथे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवतात, आणि ६० हर्ट्झच्या देशांत साठाव्या किंवा एकशेविसाव्या. स्लो मोशन घ्यायचं असेल तर हा त्रास वाढतो, कारण शटर आणखी जलद लागतं. मग स्वतःचे दिवे आणावे लागतात, आणि त्या दिव्यांचा भार कुठल्या बोर्डावर टाकायचा हे इलेक्ट्रिशियनला विचारावं लागतं. छतातल्या काचांतून ऊन किती वाजता आणि कुठे पडतं, शूटसाठी लाइन थांबवायची परवानगी कोण देणार, क्रूला सेफ्टी शूज आणि हेल्मेट कोण देणार, हे सगळं त्या अहवालात यायला हवं होतं.

अहवालात होते ते फोटो. एक फोटो आमच्या प्रॉडक्शन सुपरवायझरांना दाखवला, तर ते हसलेच. “मॅडम, ही क्रेन आपली नाही. आपली पाच टनी आहे, ही निदान वीस टनी तरी दिसते. आणि आपल्या शेडला एवढी उंची कुठेय?” फोटो व्हॉट्सअॅपवर आले होते, आणि तिथून साधे फोटो म्हणून पाठवले की तारीख, कॅमेरा, ठिकाण ही आतली माहिती निघून जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं कळवलं. त्या काही आल्या नाहीत. तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर दुसऱ्याच एका कारखान्याच्या वेबसाइटवर सापडला.

तेव्हापासून नियोजनाचे कागद मी एकाच गोष्टीसाठी वाचते: यात आमच्या अडचणी दिसतात का? जागेवर येऊन डोकं लावलेल्या माणसाच्या कागदात कुरकुर असते. ‘तिसऱ्या बेजवळ आवाज फार, मुलाखत वरच्या ऑफिसात’, ‘टेस्ट बेंच दुपारी बंद, सकाळी घ्यावं लागेल’. तो प्रश्न विचारून भंडावून सोडतो. ज्या कागदात सगळं छान आहे आणि आम्हाला एकही प्रश्न नाही, तो आमच्यासाठी केलेलाच नसतो.

यानंतरची चाल मात्र मला अजून कौतुकास्पद वाटते. शूटच्या ७२ तास आधी लोकेशन ‘तयार’ नसेल तर शूट ग्राहकानं पुढे ढकललं असं समजलं जाईल, असं करारात एक कलम होतं. भरलेली रक्कम जप्त, नव्या तारखेचे नवे पैसे. ते ७२ तास सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडून काय काय हवं याची यादी आली. जनरेटर हवा. फ्रेममध्ये येणाऱ्या प्रत्येक कामगाराची सही केलेली संमतिपत्रं हवीत. शेजारच्या आवारातून वाइड शॉट घ्यायला त्यांची लेखी परवानगी हवी. ड्रोनची परवानगी हवी. ब्रीफमध्ये ड्रोन नव्हताच, आणि ड्रोनची परवानगी बहुतेक ठिकाणी उडवणाऱ्याच्या नोंदणीवर आणि परवान्यावर अवलंबून असते; पंप बनवणारी कंपनी ती एका रात्रीत कुठून आणणार? यादी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की परवानग्या, संमतिपत्रं, विजेची सोय हेच तर प्री-प्रॉडक्शन. ज्या कामाचे आम्ही ४० टक्के मोजले होते, तेच काम आमच्यावर टाकून आम्हालाच ‘तयार नाही’ ठरवलं होतं.

नवी तारीख प्रदर्शनाच्या नंतरची निघाली. जादा ‘एक्सप्रेस’ शुल्क भरलं तर आधीची मिळू शकत होती. आम्ही तिथेच थांबलो. प्रदर्शनात स्क्रीनवर उत्पादनांचे फोटो आणि टेस्ट बेंचवर फोनने घेतलेली क्लिप लावली. पैसे परत मागितल्यावर सगळ्या पीडीएफ एकत्र करून त्यांनी मेल केल्या: काम पोहोचलं आहे. वकिलांनी करार वाचून सांगितलं की त्यात ‘रेकी अहवाल’ एवढेच दोन शब्द आहेत, अहवालात काय असावं हे कुठेच नाही. भांडता येईल, पण लांबेल. क्रेनचा फोटो आणि मेल तारीखवार जपून ठेवायला सांगितलंय.

त्यांच्या शोरीलमधल्या, म्हणजे आपलं जुनं काम म्हणून दाखवायच्या व्हिडिओतल्या, एका फिल्मच्या कंपनीला मी नंतर फोन केला. फिल्म दुसऱ्याच लोकांनी केली होती; आमचे हे गृहस्थ त्या सेटवर कॅमेरा असिस्टंट होते. एवढं विचारायला एक फोन पुरतो, आणि तो मार्केटिंगला न करता शूटच्या दिवशी जागेवर असलेल्या माणसाला करावा.

सध्या दुसऱ्या टीमशी बोलणं चालू आहे. सहीच्या आधी मी त्यांच्या एखाद्या जुन्या कामाची कॉल शीट, म्हणजे शूटच्या दिवसाचं सूचनापत्रक मागितलं, नावं आणि नंबर झाकून. क्रूच्या वेळा, पार्किंग, सूर्योदय-सूर्यास्त, जवळचं हॉस्पिटल, सगळं त्यात होतं. आता हप्ते लहान आहेत. स्क्रिप्ट मोठ्यानं वाचून मंजूर झाली की एक, दिग्दर्शक आणि कॅमेरामन दोघं मशीन चालू असताना येऊन गेले की दुसरा. कॅमेरा आणि क्रू त्या तारखेला होल्डवर, म्हणजे आमच्यासाठी राखून ठेवल्याचं लेखी हवं. कुठली परवानगी कुणी आणायची ते नावानिशी लिहिलंय, आणि तारीख कुणामुळे हुकली तर कुणाचं नुकसान हे दोन्ही बाजूंनी. कच्चं फुटेज आणि स्क्रिप्ट कुणाच्या मालकीची हेही लेखी, कारण अनेक देशांत कॉपीराइटचं हस्तांतर लेखी असल्याशिवाय मानत नाहीत. नव्या दिग्दर्शिकेनं पहिल्याच भेटीत कॉम्प्रेसर किती मिनिटं बंद ठेवता येईल हे विचारलं, आणि आमचे सुपरवायझर वैतागले.

जुन्या मंडळींच्या वेबसाइटवर ‘आमचे ग्राहक’ या पानावर आमचा लोगो अजून आहे. काढा म्हणून कळवलंय.